चार अंशांचं रजिस्टर

"ताई, तुमचं अक्षर लई चांगलं हाय. तेवढं कुणाला उसनं देऊ नका."

जगदेवी सिस्टर असं म्हणाल्या तेव्हा मुग्धाला हसूच आलं होतं. अक्षर काय साडी आहे का उसनी द्यायला? तिला वाटलं, बाईला वाईट वाटलं असेल. पंधरा वर्षं स्वतःच्या हातानं ठेवलेली रजिस्टरं एकाएकी काल आलेल्या सुनेकडं फेअर करायला दिली, तर कुणालाही वाटेल. म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही. मांडीवरच्या लेकीला, शिवांगीला, दुसऱ्या गुडघ्यावर घेतलं, पट्टी लावली आणि पहिली रेघ ओढली.

बोरखेड किल्लारीपासून तीन कोसांवर. भूकंपात जुनं गाव गेलं, आणि माळावर नवं वसलं ते सरळ गल्ल्यांचं, दारांवर नंबर टाकलेलं. आरोग्य केंद्रही तेव्हाच कुठल्याशा संस्थेनं बांधून दिलेलं. जगदेवी सिस्टर त्याच्याही आधीच्या. ढिगारे उपसून चालले होते तेव्हा त्या तंबूत आल्या, टाके घालायला, सलाईन लावायला, आणि तिथंच राहिल्या. नवरा फार आधी गेलेला, मूलबाळ नाही. गावातल्या पंधरा वर्षांखालच्या झाडून सगळ्या पोरांच्या दंडाला त्यांची सुई लागलेली. आता चोपन्नाव्या वर्षी त्यांना एकच आस होती. आणखी चार वर्षं नीट निघावीत आणि मानानं निवृत्त होऊन मुखेडला भावाजवळ दोन खोल्या टाकाव्यात.

मुग्धा या गावात लग्न होऊन आली. माहेर नांदेडचं, वडील विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात. ती सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. नवरा शिवशंकर लातूरला क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. लातुरात तेव्हा खोली मिळणं म्हणजे दिव्य होतं. घरमालक तोंडावर सांगायचे, "सर, फॅमिली नको. पोरं द्या." एका खोलीत चार कॉट टाकायच्या आणि चार गावची चार डॉक्टर व्हायला आलेली पोरं ठेवायची, असा सगळा हिशेब. त्यामुळं शिवशंकर दुसऱ्या दोन सरांबरोबर एका खोलीत राहायचा, रविवारी टेस्ट असायची म्हणून मंगळवारी गावी यायचा, आणि मुग्धा सासू-सासऱ्यांजवळ बोरखेडला. गावात पदवीधर बाई ती एकटीच. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीत महिला प्रतिनिधी पाहिजे होती. समितीचे अध्यक्ष गुरुलिंगअप्पा घरी येऊन सासऱ्यांना म्हणाले, "शेषेराव, सून द्या तुमची. काई करायचं न्हाई, सही करायची." सासऱ्यांना ते मानाचं वाटलं.

जूनमध्ये वरून पथक येणार होतं. 'आदर्श आरोग्य केंद्र' म्हणून जिल्ह्यातून बोरखेडचं नाव गेलेलं. केंद्राचे डॉक्टर अवधूत तरुण, तडफदार, बोलायला गोड. त्यांनी भिंती रंगवून घेतल्या, कुंड्या मांडल्या, आणि रजिस्टरांकडं बघून कपाळाला हात लावला. "सिस्टरचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. वहिनी, तेवढं फेअर करून द्या. तुमच्यासारखं अक्षर असलं की पथक पहिल्या पानावरच खूश."

तिसऱ्या दिवशी लसीच्या फ्रीजचं रजिस्टर हातात आलं. रोज सकाळी आणि संध्याकाळी थर्मामीटर बघून आकडा लिहायचा असतो. दोन ते आठ अंशांत असलं की लस चांगली, वर गेलं की खराब होत जाते. पानंच्या पानं चार, पाच, चार, सहा. मग मे महिना आला आणि शाई लाल झाली. नऊ मे, सकाळी चौदा. संध्याकाळी एकोणीस. दहा मे, तेवीस. अकरा दिवसांत आकडा एकतीसवर गेलेला. शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक दिवशी तेच, मुंग्यांच्या रांगेत: ट्रान्सफॉर्मरची डीपी जळाली. जनरेटर बाहेर.

केंद्राचा जनरेटर कुठं होता ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आधी चार दिवस अप्पांच्या पुतण्याच्या लग्नात, मांडवात. मग तिथून थेट अप्पांच्या विहिरीवर, उसाला पाणी द्यायला. मुग्धा स्वतः त्या मांडवात जेवून आली होती. पंख्याखाली बसून शिवांगीला वरण-भात भरवला होता.

तिनं रजिस्टर डॉक्टरांसमोर धरलं. "सर, हे कसं लिहायचं?"

"लाईट नव्हती तेव्हाचे आकडे धरायचे नसतात, वहिनी. यंत्रच बंद, मग तापमान कशाचं मोजणार? चार लिहा."

"सगळीकडं?"

"कुठं कुठं पाच लिहा. खरं वाटेल." ते हसले. "आणि शेऱ्यात लिहा, समाधानकारक."

ती बी.एस्सी. होती. कॉलेजात इन्क्युबेटरचं तापमान दोन अंशांनी चुकलं म्हणून तिचं अख्खं प्रॅक्टिकल परत करायला लावलं होतं. तरी तिनं लिहिलं. चार, चार, पाच, चार. का लिहिलं, हे तिनं पुढं हजारदा स्वतःला विचारलं. भीती होती म्हणावं, तर तेव्हा कुणी भीती घातली नव्हती. खरं हेच की पान सुंदर दिसत होतं आणि तिला ते बिघडवायचं नव्हतं.

सिस्टर ट्रे घेऊन आल्या, तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं. ट्रे टेबलावर ठेवला. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, जुनं रजिस्टर माझ्यापाशी राहू द्या."

"कपाटात ठेवतो ना मी. तुम्ही कशाला काळजी करता?"

ते रजिस्टर पुन्हा कुणी पाहिलं नाही.

मेमधल्या लसीच्या बाटल्या मात्र फ्रीजमध्येच होत्या. सिस्टरांनी तालुक्याला चिठ्ठी धाडली होती, बदलून द्या म्हणून. फोनवर उत्तर आलं की बाटलीवरचा, उष्णतेनं काळा पडत जाणारा चौकोन पूर्ण काळा झालेला नसेल तर वापरा, दुसरी मिळणार नाही, आणि उद्दिष्ट पूर्ण व्हायचं राहिलंय. डॉक्टरांनी चौकोन उन्हात धरून बघितला आणि म्हणाले, "करडा आहे. चालतंय." सिस्टर म्हणाल्या, "लेखी द्या." डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, माझ्या तोंडाला किंमत नाही का?"

त्याच आठवड्यात शिवांगीला नऊ महिने पूर्ण झाले. गोवराची लस टोचायची होती. केंद्रात दर बुधवारी लसीकरण असायचं, पण मुग्धा तिथं गेली नाही. मंगळवारी शिवशंकर आला, त्याच्यासोबत दुसऱ्या दिवशी पहाटेच्या जीपनं लातूरला गेली आणि मुलांच्या डॉक्टरकडून लस टोचून आणली. सासूबाईंना सांगितलं, "हिच्या बाबांना वाटलं, तिकडंच टोचावी." तुळजाबाई म्हणाल्या, "लातूरच्या सुईला काय सोनं लावलंय व्हय?" पण नातीसाठी त्या जास्त बोलल्या नाहीत.

ती जीपमधून उतरली तेव्हा शेजारची उमाबाई नातवाला कडेवर घेऊन आरोग्य केंद्राकडंच निघालेली. पोरगा दहा महिन्यांचा, नाव वीरेश. आईबाप बाहेरगावी बांधकामावर, पोरगा आजीच्या जिवावर. उमाबाई थांबली.

"लातूरला टोचून आणलीस जणू?"

"हो, हिचे बाबा तिकडं असतात ना."

"मग इथली टोचली तर चालतंय ना गं? तू शिकलेली हाईस, म्हणून इचारते."

रस्त्यावर कुणी नव्हतं. शिवांगी तिच्या खांद्यावर झोपलेली, तिच्या दंडावर कापसाचा बोळा तसाच. मुग्धाला एक शब्द बोलायचा होता. नको. किंवा, पुढच्या महिन्यात. तेवढ्यानं भागलं असतं. पण 'का?' म्हणून उमाबाईनं विचारलं असतं, मग रजिस्टर आलं असतं, अप्पा आले असते.

"चालतंय की," ती म्हणाली.

पथक आलं, खूश होऊन गेलं. प्रमाणपत्र आलं, ते फ्रेम करून डॉक्टरांच्या खुर्चीमागं लागलं. पावसाळा गेला, दिवाळी गेली. संक्रांतीनंतर गावात गोवर शिरला.

आधी कुणी दाद दिली नाही. पोरांच्या अंगावर पुरळ आलं की कडुलिंबाचे डगळे दारात लावायचे, हे ठरलेलं. मग एका गल्लीत पाच, दुसऱ्या गल्लीत आठ. कार्डं काढून बघितली, तर निम्म्या पोरांच्या कार्डावर गोवराच्या चौकटीत जूनची तारीख आणि जगदेवी सिस्टरांची सही. सिस्टर घरोघर फिरल्या, 'अ' जीवनसत्त्वाचे डोस पाजले, ताप मोजले. उमाबाईच्या नातवाच्या छातीत कफ झाला. त्याला लातूरला नेलं, तिथून चौथ्या दिवशी परत आणलं ते पांढऱ्या कापडात. त्या दिवशी मुग्धा दार लावून घरात बसली. शिवांगी ठणठणीत होती, पितळी डब्यावर चमचा बडवत होती, आणि तो आवाज गल्लीत जाऊ नये म्हणून मुग्धानं तिच्या हातातला चमचा काढून घेतला.

पेपरात बातमी आली: 'लस घेऊनही गोवर.' जिल्ह्याहून चौकशीचा हुकूम निघाला.

शिवशंकर मंगळवार नसताना गावी आला. त्याला स्वतःचा क्लास काढायचा होता. लातुरात क्लासच्या रस्त्यावर अप्पांची तीन मजली इमारत, पहिला मजला त्याला द्यायचं अप्पांनी कबूल केलेलं.

"तुला खोटं बोल म्हणत नाही मी," तो म्हणाला. "विचारतील तेवढंच बोल. जास्तीचं कशाला?"

"आणि सिस्टर?"

"सिस्टरला काय होतंय? सरकारी नोकरी हाय. फार तर बदली होईल."

चौकशी डॉक्टरांच्याच खोलीत झाली, त्याच प्रमाणपत्राखाली. चौकशीला आलेले राघवेंद्र साहेब शांत माणूस, चष्मा पुसून पुसून बोलायचे. एका बाजूला अप्पा आणि डॉक्टर, दुसऱ्या बाजूला शिवांगीला घेऊन मुग्धा. जगदेवी सिस्टर उभ्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही.

साहेबांनी रजिस्टर चाळलं. "इतकं नीटनेटकं रेकॉर्ड मी जिल्ह्यात पाहिलं नाही. वर्षभर चार-पाच अंश. म्हणजे फ्रीज उत्तम चालला होता. मग सिस्टर, लस बिघडली कुठं?"

"साहेब, मेमधी अकरा दिवस लाईट नव्हती."

"इथं तसं काही दिसत नाही."

"हे रजिस्टर माझं न्हाई, साहेब. अक्षर माझं न्हाई."

"मग कुणाचं आहे?"

सिस्टरांनी मुग्धाकडं बघितलंही नाही. समोर भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या, गाडी यायची वाट बघत एसटीच्या थांब्यावर माणूस उभं राहतं तशा. मुग्धाला कळलं की त्या नाव घेणार नाहीत. बोलायचं ते मुग्धानंच बोलायचं होतं, आपणहून.

"त्यांचंच हाय की," अप्पा म्हणाले. "आता अंगलट आल्यावर न्हाई म्हणून राहिल्यात. पंधरा वर्षं एका जागी बसलं की माणूस असंच होतंय बघा साहेब. कुणाला जुमानत न्हाई."

"डॉक्टर?"

"रजिस्टर ठेवणं ही सिस्टरची जबाबदारी, सर." डॉक्टरांनी तसं खोटं काहीच सांगितलं नाही.

साहेब मुग्धाकडं वळले. आता अक्षराचं विचारतील आणि मी सांगेन, असं तिनं ठरवलं होतं. विचारलं तर सांगायचंच, हे तिनं रात्रभर घोकलं होतं. साहेबांनी ते विचारलंच नाही.

"ताई, तुम्ही शिकलेल्या आहात. बाळ छान आहे. हिला गोवराची लस इथंच दिली?"

"नाही. लातूरला."

"का बरं? दारात आरोग्य केंद्र असताना?"

तिनं तोंड उघडलं. खोलीत पंख्याचा आवाज. अप्पा बोटातली अंगठी फिरवत होते. ती म्हणाली, "हिचे बाबा तिकडं असतात."

"तेवढंच कारण? की इथल्या लसीकरणाबद्दल शंका होती? मोकळेपणानं सांगा."

शंका होती, हे खरं होतं. कशाबद्दल, ते सांगायला दुसरं वाक्य लागलं असतं. मुग्धानं मान खाली घातली. शिवांगीनं तिचं मंगळसूत्र ओढलं, ते सोडवायला तिला काम मिळालं.

साहेबांनी चष्मा पुसला आणि लेखनिकाला सांगितलं, "लिहा. गावातील सुशिक्षित मातांनाही सदर कर्मचाऱ्याकडून बालकांना लस देण्याबाबत विश्वास वाटत नव्हता."

कागद तिच्यासमोर आला. खाली तिचं नाव टाइप केलेलं होतं. तिनं सही केली.

तेव्हा पहिल्यांदा जगदेवी सिस्टरांनी तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मुग्धानं तो जन्मभर पुरवून पुरवून सोसला असता. सिस्टरांनी पदरानं कपाळ पुसलं आणि विचारलं, "साहेब, मी जाऊ का? बाहेर एक बाळंतीण बसलीय."

अहवालात लिहिलं होतं की नोंदींवरून लसीची शीतसाखळी अखंड असल्याचं सिद्ध होतं, सबब हलगर्जीपणा लस देणाऱ्या कर्मचाऱ्याचा. सिस्टर निलंबित झाल्या. पुढं विभागीय चौकशी लागली, ती लांबत गेली, आणि शेवटी त्या सक्तीनं निवृत्त झाल्या. ज्या दिवशी त्यांनी केंद्राच्या मागची खोली सोडली त्या दिवशी गावातल्या बायका दारात आल्या नाहीत. उमाबाई तेवढी आली. ती सामानाच्या टेम्पोमागं मूठभर माती फेकून म्हणाली, "माझं लेकरू खाल्लंस गं बये." मुग्धानं ते खिडकीतून ऐकलं. तिचं घर केंद्राला लागूनच, मधे एक भिंत.

डॉक्टर अवधूत पुढं तालुक्याचे आरोग्य अधिकारी झाले. अप्पा समितीचे अध्यक्ष राहिले. लातुरात शिवशंकर सरांच्या क्लासचा बोर्ड लागला आणि पहिल्याच वर्षी बोर्डावर पोरांचे फोटो चढले. मुग्धा तिकडं राहायला गेली. खाली पोरांच्या सायकलींची गर्दी, सकाळी सहाला पहिली बॅच. सगळं नीट चाललं होतं. फक्त तिला शिवांगीला ताप आला की एक सवय लागली होती. थर्मामीटर काढायचा, आकडा बघायचा, आणि मोठ्यानं म्हणायचा, दोनदा, तीनदा. शिवशंकर वैतागायचा. "एकदा सांगितलं की कळतं गं."

दोन वर्षांनी तिनं अर्ज लिहिला. चार पानी. मे महिन्याचे आठवत होते तेवढे खरे आकडे, जनरेटर, चौकोन, कुणी काय सांगितलं, आणि कुणी लिहिलं. जिल्हा परिषदेत जाऊन हातानं दिला, पोच घेतली. दीड महिन्यानं पत्र आलं की अर्ज चौकशी व योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं पाठवण्यात आला आहे.

त्याच संध्याकाळी फोन वाजला.

"वहिनी," डॉक्टर अवधूत म्हणाले, आवाज तसाच गोड, "तुमचा अर्ज मिळाला. मी काय म्हणतो, हे पुढं गेलं तर खोटी नोंद केल्याचा गुन्हा लिहिणाऱ्यावर लागतो. मुलगी लहान आहे तुमची. मी ठेवतो माझ्या कपाटात. काळजी करू नका."

तिनं शिवशंकरला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शिवांगीला बालवाडीत सोडलं आणि मुखेडची एसटी धरली.

जगदेवीबाई भावाच्या घरामागं एका खोलीत राहत होत्या. वजन निम्मं झालेलं. त्यांनी ओळखलं, चटई टाकली, चहा केला. मुग्धा बोलत राहिली. अर्ज, फोन, कपाट. रडली. बाई ऐकत होत्या, मधे एकदा उठून कोंबडी हुसकावली. कोपऱ्यात फळीवर रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट होतं. मुग्धाच्या सवयीच्या नजरेनं तारीख वाचली. ते वर्षभरापूर्वीचं, आणि निम्मं भरलेलं.

"गोळ्या घेत नाही तुम्ही?"

"सरकारी दवाखान्यात मिळत्यात. मी तिथं पाय ठेवत न्हाई."

"मी आणून देते. लातूरहून पाठवते."

"तुम्ही लातूरहून लेकराला टोचून आणलं, ते बरोबर केलं," बाई म्हणाल्या. "शेवटी आईचं मन हाय. मला त्याचा राग न्हाई. पण त्या दिवशी उमाबाईनं केंद्रात येऊन मला सांगितलं, मुग्धाताई म्हणाल्या चालतंय. मी सुई हातात धरून उभी. म्हटलं, शिकलेली बाई हो म्हणते, मग आपलाच भ्रम असंल. टोचली." त्यांनी कप उचलले. "आता परत येऊ नका, ताई. तुम्ही आल्या की मला ती सुई दिसती."

मुग्धा परत गेली नाही. तिनं पाठवलेलं गोळ्यांचं पार्सल नाकारल्याचा शिक्का मारून परत आलं. बाईंच्या भावाचा फोन लागायचा, तोही या पावसाळ्यापासून बंद लागतो. तिथल्या शेजारपाजारात मुग्धाच्या ओळखीचं कुणी नाही. क्लासमध्ये मुखेडकडचं पोरगं आलं की ती त्याला बाजूला घेऊन विचारते, आणि पोरगं म्हणतं, "कोण जगदेवीबाई, मॅडम?"

म्हणून तिचं तुम्हाला सांगणं आहे. ती हे ज्याला-त्याला सांगते, आता तुम्हालाही. मुखेडला तुमचं कुणी असेल, सोयरं, ओळखीचं, बाजारच्या दिवशी जाणारं, तर तेवढं करा. एसटी स्टँडवरून बाजाराच्या अंगानं खाली गेलं की पिठाची गिरणी लागते, तिच्या मागच्या बोळात, भावाच्या घरामागची कडेची खोली. नर्सबाई कुठं राहतात म्हणून विचारा, कुणीतरी सांगेल. दार वाजवा, पाणी मागा, जरा वेळ बसा. चेहरा सुजलाय का बघा, पायावर सूज आहे का बघा, गोळ्या चालू आहेत का विचारा. हळूच विचारा, त्यांना कुणी सांगितलेलं आवडत नाही. दार बंद असलं तर शेजारी विचारल्याशिवाय परत फिरू नका. आणि मुग्धानं पाठवलंय, असं काही झालं तरी सांगू नका.